आपल्यातला टॅनर

साहेबानं पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली, सालीच्या कुंडाच्या काठावर उकिडवा बसला आणि तांबड्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवला. मग तो हात नाकाशी नेऊन त्यानं डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. देवळात उदबत्तीचा वास घ्यावा तसा.

आमची आळी तोंडात बोट घालून बघत राहिली. लिंबाखाली जीप होती आणि जीपला टेकून नगरपालिकेचे मुख्याधिकारी शेणोलीकर नाकाला रुमाल लावून उभे होते. आमच्याकडे येणारा प्रत्येक बाहेरचा माणूस तसाच उभा राहायचा, त्यामुळे त्यांचं आम्हाला काही वाटलं नाही.

साहेब काहीतरी बोलला.

“काय म्हणतोय गं त्यो?” आबांनी विचारलं. आबा म्हणजे माझे वडील, शिवाप्पा.

“म्हणतात, हा वास त्यांच्या आडनावात आहे.”

“आं?”

मला पण नीट कळलं नव्हतं. मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. आळीत इंग्रजी येणारी मी एकटी. येणारी म्हणजे, पुस्तकात छापलेलं वाचता येणारी. गोऱ्या माणसाच्या तोंडून ते धो धो यायला लागल्यावर चार शब्दांतला एक हाताला लागत होता. मी साहेबाला पुन्हा सांगायला सांगितलं. तो सावकाश बोलला. त्याचं नाव जेफ्री टॅनर. टॅनर हे आडनाव. त्याचा अर्थ, कातडं कमावणारा.

मी ते मराठीत सांगितलं.

आम्ही जातीनं ढोर. जनावराचं कातडं चुन्यात घालून त्याचे केस काढायचे, मग बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात महिना-दीड महिना मुरवायचं, हा आमचा पिढीजात धंदा. शाळेत मास्तरांनी आमची जात हेच आमचं आडनाव लावलं होतं. सुताराच्या पोराला सुतार आणि कुंभाराच्या पोराला कुंभार लावलं, तसंच. फरक इतकाच की हजेरीत त्यांची नावं आली की वर्ग हसत नसे.

“म्हंजे,” आबा हळू आवाजात म्हणाले, “आपल्यातला?”

मी म्हणाले, “त्यांचे पूर्वज हाच धंदा करायचे.”

“आगं मग आपल्यातलाच की!” बसाप्पा तात्या ओरडले. तात्या आळीतले सगळ्यात म्हातारे. त्यांचा शब्द पडला की विषय संपायचा. “इलायतेतनं आपला माणूस आलाय आन् तुमी त्येला उनात बसवलाय व्हय? पाट आणा, पाट!”

त्या दिवशी आम्हाला आपल्या माणसाची गरजही तशीच होती. येत्या शनिवारी आमची कुंडं बुजणार होती. आळीच्या जागेवर नवा एस.टी. स्टँड होणार, असं नगरपालिकेनं ठरवलं होतं. पर्यायी जागा देऊ म्हणाले होते, पण ती कुठं आणि कधी, ते कुणी सांगत नव्हतं. बरं, कुंडं गेली तर गेली, पण त्यांच्यात कातडी होती. आळीच्या सात घरांची सगळी मेहनत त्या तांबड्या पाण्यात बुडालेली होती. अर्धं मुरलेलं कातडं बाहेर काढलं की चार दिवसांत नासतं. आबा तीनदा कचेरीत जाऊन आले होते. “एवढी कातडी मुरू द्या, मग खुशाल बुजवा,” एवढंच त्यांचं मागणं होतं. तिन्ही वेळा त्यांना व्हरांड्यातूनच परत पाठवलं होतं.

आणि आता त्याच शेणोलीकरांच्या जीपमधून आमचा जातभाई उतरला होता.

शेणोलीकरांना तो वास सोसेना. ते साहेबाला इंग्रजीत म्हणाले, “तुम्ही निवांत बघा. मी संध्याकाळी घ्यायला येतो.” आणि जीप गेली. साहेब नदीपलीकडं वडूरच्या मिशन दवाखान्यात आला होता. त्याची मुलगी तिथं डॉक्टर होती आणि तिच्या शब्दावरूनच शेणोलीकर त्याला जीपमधून घेऊन आले होते. इंग्लंडात तो शाळामास्तर होता आणि निवृत्त झाल्यापासून त्यानं एकच नाद धरला होता, आपल्या आडनावाचा.

पाट आला. आईनं तांब्यातून त्याच्या पायांवर पाणी घातलं. साहेबानं बूट-मोजे काढून मुकाट्यानं पाय पुढं केले. त्याचे पाय बघून पोरी फिदीफिदी हसल्या. मग चहा आला. इथं सगळी आळी पुढं सरकली. आमच्या घरचा चहा गावातलं कुणी पीत नसे. तलाठी आला तर “आत्ताच घेऊन आलोय” म्हणायचा, मास्तर आला तर त्याला पित्त व्हायचं. साहेबानं कप घेतला, फुंकर मारली, संपवला आणि पुन्हा पुढं केला.

“दुसरा मागतोय!” आई पदर तोंडाला लावून आत पळाली.

“बगा,” तात्या म्हणाले, “रगत लपत न्हाई.”

साहेबानं मग पिशवीतून एक नकाशा काढून जमिनीवर पसरला. त्याच्या देशाचा नकाशा. त्यावर तांबड्या शाईचे ठिपके होते, गोवर आल्यासारखे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक टॅनर. वाचनालयात बसून गावोगावच्या टेलिफोनच्या पुस्तकांतून त्यानं ते शोधले होते. दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला ठिपके दाट होते, उत्तरेला विरळ.

“वर का न्हाईत?” आबांनी विचारलं.

मी विचारलं. साहेब खूश झाला. तो म्हणाला, “उत्तरेलाही कातडी कमावायचेच. पण तिथं त्या लोकांना पुष्कळदा बार्कर म्हणत. बार्क म्हणजे झाडाची साल. आमच्याकडं ओक नावाच्या झाडाची साल वापरायचे. तुम्ही कसली वापरता?”

“बाभळीची,” मी म्हणाले.

“बघा, तेच,” साहेब म्हणाला.

तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. “म्हंजे टॅनरांच्या पोरी बार्करांच्यात पडत असतील. इचार त्येला, सोयरीक हुती का?”

मी विचारलं. साहेब जरा गोंधळला. मग हसून म्हणाला, “माझी आजी खरोखरच बार्कर होती.”

झालं! आळीत असा आनंद झाला की जणू तात्यांनी स्वतःच ते लग्न जमवलं होतं. मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला? साहेब म्हणाला, जुन्या काळी वेशीबाहेर, नदीच्या खालच्या बाजूला, वासामुळं. आमची पण तशीच! आडनाव कसं पडलं? साहेब म्हणाला, एका गावात पाच-सहा जॉन असायचे, मग ओळखायचं कसं? म्हणून जो कातडं कमावतो तो जॉन टॅनर. पुढं त्याच्या मुलानं धंदा सोडला तरी नाव तेच राहिलं.

“आन् आता हे समदे ठिपकं काय करत्यात?” आबांनी विचारलं.

साहेब एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेला. हा दाताचा डॉक्टर. हा बँकेत. ही शाळेची मुख्याध्यापिका. हा न्यायाधीश. बरेच जण ऑस्ट्रेलियाला आणि कॅनडाला गेले.

“जज्ज?” तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आपला मानूस जज्ज?”

“कातडं कमावणारे किती?” आबांनी विचारलं.

“एकही नाही,” साहेब म्हणाला. “मला तरी अजून एकही भेटला नाही. म्हणून तर मी इथं आलो. माझ्या नावाचं काम करणारा माणूस मी आज जन्मात पहिल्यांदा पाहतोय.” आणि त्यानं आबांचे दोन्ही हात हातात घेतले. सालीच्या पाण्यानं आबांचे हात मनगटापर्यंत कायमचे तांबूस-काळे झालेले होते. ते त्यांनी नेहमीच्या सवयीनं मागं नेले, पण साहेबानं सोडले नाहीत.

“धंदा सुटलाय, मग नाव कशाला ठिवलंय?” आबांनी मला हळूच विचारलं. “बदलाया येत न्हाई व्हय तिकडं?”

मी ते विचारलं. साहेबाला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, “चांगलं नाव आहे. का बदलायचं?”

मग तात्या म्हणाले, “त्येला इचार, गावची लोकं ह्यास्नी घरात घ्याया कदी लागली?”

मी माझ्या इंग्रजीत जमेल तसं विचारलं. साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो म्हणाला, “घरात? घरात का घेणार नाहीत? कातडीवाले बऱ्यापैकी सुखवस्तू होते. माझा एक पूर्वज तर गावच्या चर्चचा कारभारी होता.”

मी सांगितलं. “देवळाचा कारभारी?” तात्या म्हणाले. मग ते आबांकडं वळून ठाम आवाजात म्हणाले, “शिवाप्पा, ह्यो मानूस लई मोठ्या घरचा हाय. ह्येच्या तोंडनं शब्द पडाया पायजे.”

साहेबाला आमच्यातलं काही म्हणजे काहीच कळलेलं नाही, हे त्या क्षणी मला लख्ख दिसलं. आणि आमच्या लोकांना त्याच्यातलं. दोघांच्या मधे मी होते, आणि मला सांगायला शब्द नव्हते. मराठीतही नव्हते, तर इंग्रजीत कुठून आणू?

आबांनी साहेबाला कुंडाकडं नेलं. बांबूनं एक कातडं वर उचलून दाखवलं. कडेनं ते तांबूस झालं होतं, मधे अजून पांढरट, कच्चं होतं. “सांग त्यास्नी,” आबा म्हणाले, “अजून महिनाभर ह्ये आसंच ऱ्हायला पायजे. शेणोलीकर साहेबास्नी म्हणावं, तेवढं थांबा. आमचं न्हाई ऐकत ते. तुमचं ऐकतील.”

मी शब्दन् शब्द सांगितला. या वेळी चुकायचं नाही म्हणून दोनदा सांगितला. साहेब लक्षपूर्वक ऐकत होता. तो म्हणाला, “मी जरूर बोलेन.”

“बोलतो म्हणतात,” मी म्हणाले.

आबा घरात गेले आणि दोन्ही हातांवर पाठीचं कातडं घेऊन बाहेर आले. आमच्यात एक रीत होती. आळीवर संकट आलं आणि परगावचा जातभाई आमच्या वतीनं बोलायला उभा राहिला, तर त्याला कमावलेल्या पाठीच्या कातड्याचा आहेर करायचा. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला की शब्द बांधला गेला. मग जीव गेला तरी त्यानं तो पाळायचा. घरात तयार असलेली ती एकच पाठ होती. आईनं तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं, विडा ठेवला.

साहेबानं दोन्ही हात पुढं केले.

“सर, ही रीत आहे,” मी घाईघाईनं म्हणाले. “तुम्ही हे घेतलं की... तुम्ही... तुम्हाला करावंच लागतं.” बांधला गेलेला शब्द याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

“किती सुंदर रीत!” साहेब म्हणाला आणि त्यानं कातडं छातीशी धरलं. आळीतल्या सगळ्यांनी हात जोडले.

संध्याकाळी जीप आली. शेणोलीकर उतरले, रुमाल नाकाला होताच. आमची सगळी माणसं, बाया, पोरं दोन्ही बाजूंनी उभी राहिली. साहेब त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागला आणि मी कानात प्राण आणून ऐकू लागले.

तो म्हणाला, “अद्भुत आहे हे सगळं. नाहीसं होण्याआधी पाहायला मिळालं, माझं भाग्य. आमच्याकडेही हेच झालं. शहरं वाढली, कुंडं गेली. वास गेला, नाव राहिलं. कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. शेवटी ते भल्याचंच ठरलं.”

“अगदी बरोबर!” शेणोलीकर म्हणाले. “मी या लोकांना तेच सांगतोय.”

आजूबाजूला सगळे आशेनं बघत होते. “काय म्हणतोय? काय म्हणतोय?” आबा माझी बाही ओढत होते. मी पुढं झाले. “सर,” मी इंग्रजीत म्हणाले, “कातडी! कच्ची कातडी!”

“अरे हो,” साहेब म्हणाला. त्याला खरोखरच आठवण झाली. तो शेणोलीकरांना म्हणाला, “यांची काही कातडी अजून मुरायची आहेत. महिनाभर लागेल म्हणतात. तेवढं थांबता येईल का? माझी विनंती समजा.”

“यस, यस, ऑफ कोर्स,” शेणोलीकर म्हणाले. “तुम्ही काळजीच करू नका.” मग ते आबांकडं वळले आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यानं मराठीत म्हणाले, “शिवाप्पा, शनिवारी सकाळी मुरमाच्या गाड्या येतील. त्याआधी काय काढायचं ते काढून घ्या. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही.”

साहेबानं ते मराठी ऐकलं, शेणोलीकरांचा हसरा चेहरा पाहिला आणि माझ्याकडं बघून मान हलवली, जणू म्हणाला, बघ, झालं की नाही काम! मी “नो सर, नो सर” म्हणत जीपकडं गेले, पण तोवर सगळी आळी साहेबाच्या पाया पडायला धावली होती. त्या गर्दीत माझा आवाज कुठल्या कुठं गेला. जीप निघाली. साहेब मागं वळून हात हलवत होता, मांडीवर कातडं होतं.

मी आळीला सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाला, शेणोलीकर इंग्रजीत काय म्हणाले, मराठीत काय म्हणाले. कातडी उद्याच्या उद्या काढू, जवळच्या मळ्यात कुणाच्या विहिरीजवळ चर खणून सालीचं पाणी करू, निम्मी तरी वाचतील, असंही सांगितलं.

“तुला काय कळलंय त्यातलं!” तात्या म्हणाले. “दोन बुकं शिकलीस.”

“तात्या, शनिवारी गाड्या येणार हे तर मराठीत बोलले ना? ते तर सगळ्यांनी ऐकलं?”

“पोरी,” आबा समजुतीच्या आवाजात म्हणाले, “‘यस’ म्हणले का न्हाई? ‘यस’ मला बी कळतंय. मराठीत बोलले ते आपल्यापुढं ताठा दाखवाया. तेवढं तर त्यास्नी करावंच लागतं. आपसात खरं बोलायचं तवा साहेब लोक विंग्रजीत बोलत्यात.”

“आबा, अहो खोटं पण इंग्रजीतच बोलतात!”

“आन् आहेर?” आबा म्हणाले. “दोन्ही हातांनी घेतलाय त्येनं. समद्यांनी बघितलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मी नावेतून नदीपलीकडं वडूरला गेले. दवाखान्याच्या आवारात डॉक्टरीणबाईंचा बंगला होता. साहेब व्हरांड्यात सामान बांधत होता. त्याला दुपारच्या गाडीनं मुंबई गाठायची होती. आमचं कातडं गुंडाळून बॅगेवर दोरीनं बांधलेलं होतं. मला बघून त्याला इतका आनंद झाला की मला रडूच आलं.

मी सांगितलं. शेणोलीकर मराठीत वेगळं बोलले. शनिवारी गाड्या येणार. आळी कातडी काढत नाही, कारण तुम्ही शब्द दिलाय.

साहेबानं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. “हे बघ बाळ,” तो म्हणाला, “त्यांनी माझ्यासमोर कबूल केलंय. फार सज्जन गृहस्थ आहेत. तुझ्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली असेल.”

“सर, मराठी माझी भाषा आहे.”

“अर्थात, अर्थात,” तो म्हणाला. मग त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “मुंबईहून मी त्यांना पत्र टाकतो. आठवण म्हणून. ठीक आहे?”

काय म्हणावं या माणसाला? त्याच्यात वाईट असं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त राग येत होता. घरच्यांना माझं इंग्रजी खोटं वाटत होतं आणि साहेबाला माझं मराठी. परतताना नावेत मी तोंड धुतलं, घरी कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून.

शनिवारी सकाळी गाड्या आल्या.

आबांनी तोवर एकही कातडं काढलं नव्हतं. कुणीच काढलं नव्हतं. पहिली गाडी उलटी येऊन कुंडाला भिडली तेव्हा आबा मागच्या चाकाशी जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “दादा, तुमास्नी निरोप मिळाला नसंल. महिनाभर थांबायचं ठरलंय. साहेबांचं साहेबांशी बोलणं झालंय.” ड्रायव्हर बिचारा परगावचा. तो म्हणाला, “बाबा, मला काय माहीत नाय, मला गाडी खाली करायची.” आबा हलले नाहीत. मग मुकादमानं दोन माणसांना सांगून त्यांना बाजूला उचलून ठेवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं उचललं आणि लिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. गाडीची मागची फळी पडली, मुरूम घसरत पाण्यात गेला आणि तांबडं पाणी काठावरून बाहेर आलं. कडेचं एक कातडं मुरमाच्या लोंढ्याबरोबर वर आलं, पालथं झालं आणि पुढच्या गाडीखाली दिसेनासं झालं. आई ऊर बडवून रडत होती. आबा रडले नाहीत. ते रस्त्याकडं बघत होते. मला वाटतं, ते जीपची वाट बघत होते.

नंतरची पुष्कळ वर्षं माझ्या आयुष्यात चांगली गेली. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. माझ्या भावानं कोर्टात जाऊन आडनाव बदललं आणि गावावरून हातकळीकर लावलं. ज्या गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाचं नाव. माझं लग्नात बदललं. आता आमच्या घरात कुणाच्याही नावाला वास येत नाही. पण त्या हिवाळ्यात पुढं जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मुरमाखाली कातडी नासली. अर्धं मुरलेलं कातडं बंद जागी नासलं की त्याच्या वासापुढं आमच्या कुंडांचा वास म्हणजे अत्तर. आधी नुसता भपकारा यायचा, मग जमीन मऊ पडली, मग भेगांतून काळं पाणी वर यायला लागलं. स्टँडची शेड उभी राहिली होती, फरशी टाकायची होती, पण गवंडी थांबेनात. बाजारपेठेतली दुकानं दुपारची बंद व्हायला लागली. उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि तारीख ठरली होती. नगरपालिकेच्या झाडूवाल्यांनी ते काम करायला साफ नकार दिला. तेव्हा, मी नाताळच्या सुट्टीला घरी असताना, एका सकाळी कचेरीचा शिपाई आळी मोडल्यावर आम्ही नदीकाठी घातलेल्या नव्या झोपड्यांपुढं येऊन उभा राहिला. “साहेबांनी सांगितलंय, तुमचीच कातडी हायत, तुमीच काढा.”

मला वाटलं, आबा जाणार नाहीत. मी त्यांना म्हणालेसुद्धा, जाऊ नका. आबांनी कुदळ खांद्यावर टाकली. “दुसरं कोन काढणार हाय?” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सात घरांतली सगळी माणसं गेली. मी पण गेले, पाट्या उचलायला. आपलं कुंड कुठलं हे आबांना मुरमावरूनही कळलं. ते कमरेइतके खाली उतरले आणि एकेक कातडं ओढून वर देऊ लागले. हातात येईपर्यंत त्याचे तुकडे व्हायचे. स्टँडच्या शेडखाली शेणोलीकर उभे होते. त्यांच्याबरोबर इंजिनिअर होता आणि दोघांच्या नाकाला रुमाल होते. काम नीट चाललंय की नाही ते बघायला ते दहा पावलं पुढं आले.

आबांनी त्यांना पाहिलं. हातातलं तसंच ठेवून ते खड्ड्यातून वर बघत म्हणाले, “साहेब, एक इनंती हाय.”

“आता काय?”

“ह्यातलं टॅनर साहेबास्नी काय कळवू नगा. लांबचा मानूस. त्येनं शब्द दिल्ता. जिवाला लावून घील.”

शेणोलीकरांनी रुमाल जरासा बाजूला केला. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते मुद्दाम करत नव्हते, मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

“कोण टॅनर?” त्यांनी विचारलं.

आबांनी हातातलं कातडं खड्ड्याच्या काठावर ठेवलं. मग त्यांनी मान वळवून मला शोधलं.

“इंदे,” ते म्हणाले, “साहेबास्नी जरा विंग्रजीत सांग.”